माशांची पेटी गळते तेव्हा

दिवाणखान्यातली माशांची पेटी ही आता काही श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. मुलांच्या हट्टापायी ती घरोघरी येते. मासे मुलांचे, पण पाणी बदलणे आणि पेटी गळू लागली की फरशी पुसणे ही कामे कोणाची, हे का सांगायला हवे? म्हणून आज या गळतीविषयी थोडेसे.

पूर्वी लोखंडी चौकटीत काचा बसवून फटीत लांबी भरत. आता काचेला काच सिलिकॉननेच चिकटवतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते, म्हणजे ५६ किलो वजन. तेव्हा हे काम मेणाने किंवा पांढऱ्या सिमेंटने भागण्यासारखे नाही.

खरी गोम आहे ती सिलिकॉन निवडण्यात. दुकानात नुसते ‘सिलिकॉन द्या’ म्हटले, तर बाथरूमची नळीही हाती पडू शकते. सिंकच्या कडा काळ्या पडू नयेत म्हणून त्यातल्या बऱ्याच प्रकारांत बुरशीनाशक मिसळलेले असते. आपल्या सिंकला ते उपकारक, पण पाण्यात उतरले की माशांना घातक! आमच्या शेजारच्या वहिनींकडे प्लंबरने उरलेल्या अशाच नळीतून सांधा बुजवून दिला. गळती थांबली, सगळे खूश. चार दिवसांत एकेक मासा तरंगू लागला. धाकटी विचारत होती, “आई, ते आजारी होते का गं?” काय उत्तर द्यायचे?

म्हणून नळी घेताना एवढे बघाच:

१. ‘ॲक्वेरियम’साठी असे स्पष्ट छापलेली नळी सर्वांत उत्तम. किती मोठ्या पेटीला चालते, तेही वाचावे.

२. ‘अँटी-फंगल’, ‘मिल्ड्यू रेझिस्टंट’, ‘सॅनिटरी’ किंवा ‘बाथरूम’ यातला एक जरी शब्द दिसला, तरी ती नळी परत ठेवावी.

३. ‘१०० टक्के सिलिकॉन’ असावे. रंग देता येणारे ॲक्रिलिक नको. ते कायम पाण्याखाली टिकत नाही.

४. मुदतीची तारीख पाहावी. शिळे सिलिकॉन नीट घट्ट होत नाही.

काचेच्या सिलिकॉनला बहुधा व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. तो ॲसेटिक आम्लाचा. सिलिकॉन घट्ट होताना ते बाहेर पडते. पण वास आला म्हणजे नळी निर्धोक, असे मात्र समजू नका. बाथरूमच्या काही नळ्यांनाही तोच वास असतो, म्हणून भरवसा छापील मजकुरावरच ठेवावा.

आता कृती. साबण कधीच न लागलेल्या बादलीत पेटीतलेच पाणी घेऊन मासे हलवावेत आणि हवेचा पंप चालू ठेवावा. पेटी रिकामी करून कोरडी करावी. जुन्या सिलिकॉनवर नवे नीट धरत नाही, म्हणून आतल्या सर्व सांध्यांवरची जुनी पट्टी ब्लेडने खरवडून काढावी. मग काच स्पिरिटने पुसून वाळू द्यावी. बाहेरून थापलेले पाण्याच्या दाबाने सुटते. पट्टी आतूनच द्यावी. बोटाने सारखी करताना बोट साध्या पाण्यात बुडवावे, साबणाच्या नव्हे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, मुलांना लांब ठेवावे. काचांमधला मूळ जोडच सुटला असेल किंवा पेटी मोठी असेल, तर मात्र जाणकार कारागीर बोलवावा.

यानंतर लागतो तो धीर! वरची साय अर्ध्या तासात धरते, पण आतला भाग दिवसाला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर घट्ट होतो. ते उन्हाने वाळत नाही, हवेतल्या ओलाव्याने मुरते, त्यामुळे उन्हात ठेवून घाई साधत नाही. नळीवर दिलेली मुदत पाळावी, आणि निदान आठवडाभर थांबून वास पूर्ण गेल्याची खात्री करावी. मग पेटी वर्तमानपत्रावर ठेवून पाण्याने भरावी. एक दिवसानंतर कागद कोरडा असेल, तर ते पाणी टाकून द्यावे आणि क्लोरीन उडावे म्हणून दिवसभर उघडे ठेवलेले नळाचे पाणी भरावे.

आठवडाभर मुले ‘झालं का, झालं का’ म्हणून भंडावतील. भंडावू देत. आपल्याला तक्रार तरी करता येते. मासा बिचारा कोणाला सांगणार? त्याच्या वतीने नळीवरची बारीक अक्षरे आपणच वाचायची, बरं का!