परदेशी आकाश आणि पहिली नोकरी



गेल्या महिन्यात जयसिंगपूर परिसरातील एका वाचकबंधूंचे सविस्तर पत्र आले. त्यांच्या कन्येने दहा महिन्यांपूर्वी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. शिक्षणासाठी राहते घर तारण ठेवले होते. त्या कर्जाचे हप्ते आता सुरू झाले आहेत. देशातील विमान कंपन्यांच्या दोन निवड परीक्षा तिने दिल्या, परंतु यश आले नाही. अशातच एका मध्यस्थाने, परदेशात वैमानिकांचा तुटवडा आहे, तिकडे लगेच काम मिळेल, असे सांगून पुन्हा मोठी रक्कम मागितली आहे. पत्राच्या शेवटी ते लिहितात, "घर ठेवून झाले. आता दुकानही ठेवावे का, एवढेच सांगा."

प्रश्न नेमका आहे, तेव्हा उत्तरही नेमके देतो. दुकान तारण ठेवू नये. परदेशाचा विचार सोडावा असे मात्र मी म्हणत नाही. तो विचार आज करावा की चार-पाच वर्षांनी, एवढाच खरा प्रश्न आहे.

डॉक्टरची पदवी किंवा अभियंत्याचे प्रमाणपत्र आणि वैमानिकाचा परवाना यांत एक मूलभूत फरक आहे. १९४४ च्या शिकागो करारानुसार, विमान ज्या देशात नोंदलेले असेल त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना वैमानिकाकडे असावा लागतो. भारतात नोंदलेल्या विमानांच्या अंगावर 'व्हीटी' ही अक्षरे असतात. आपल्या कन्येचा परवाना त्या विमानांसाठी आहे. दुसऱ्या देशाचे विमान चालवायचे तर त्या देशाची मान्यता नव्याने मिळवावी लागते, आणि प्रत्येक देशाची रीत निराळी आहे.

युरोपात आपला परवाना आपोआप चालत नाही. तेथील नियमांप्रमाणे विमानशास्त्राच्या तेरा विषयांच्या परीक्षा, तेथील वैद्यकीय तपासणी आणि प्रत्यक्ष उड्डाणाची चाचणी, हे सारे पुन्हा करावे लागते. अमेरिकेत २००९ मध्ये बफेलो शहराजवळ एका प्रवासी विमानाला भीषण अपघात झाला. त्यानंतर नियम कडक झाले आणि २०१३ पासून विमान कंपनीत सहवैमानिक होण्यासाठीही साधारणतः १,५०० उड्डाणतास लागतात. आपल्याकडे परवाना मिळतो तो २०० तासांवर. शिवाय या देशांत नोकरी करण्याचा कायदेशीर हक्क उमेदवाराजवळ आधीच असावा, अशी बहुतेक कंपन्यांची अट असते. आखाती देशांतील मोठ्या कंपन्या परदेशी वैमानिक घेतात, हे खरे. पण त्यांना जेट विमानांवरचा दीर्घ अनुभव हवा असतो.

मग मध्यस्थ सांगतो तो तुटवडा खोटा का? खोटा नाही, अर्धा खरा आहे. तुटवडा असतो तो अनुभवी कॅप्टनांचा. आपल्या देशानेही गरज पडली तेव्हा परदेशी वैमानिकांना तात्पुरती परवानगी दिली, ती प्रामुख्याने अशाच अनुभवी लोकांना. २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा घरोघरी वाटले की आता वैमानिकांचे दिवस आले. परंतु नोंदवलेली विमाने येतात ती अनेक वर्षांत, टप्प्याटप्प्याने. आणि नव्या सहवैमानिकाला तयार करायचे तर सिम्युलेटरचे तास हवेत, शिकवणारे कॅप्टन हवेत, मार्गावरील उड्डाणांत त्यांच्या शेजारची खुर्ची हवी. ही तयारी ज्या गतीने होते त्याच गतीने भरती होते. म्हणून एकाच काळात कॅप्टन मिळत नाहीत आणि नवे वैमानिक घरी बसून आहेत, असे विचित्र दृश्य दिसते. दाराबाहेरच्या या रांगेत आपली कन्या उभी आहे. ही रांग परदेशातही आहे, आणि तिकडे ती आधी त्यांच्या मुलांची आहे.

याला अपवाद आहेत, तेही सांगितले पाहिजेत. आफ्रिकेतील बोट्सवाना देशात ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात पर्यटकांना लहान विमानांतून ने-आण करतात. माउन या गावी दरवर्षी निरनिराळ्या देशांतील नवे वैमानिक काम शोधायला जातात. मातीच्या धावपट्ट्या, कडक ऊन, बेताचे वेतन; पण तास जमतात आणि हात बसतो. मात्र तिथेही स्थानिक परवान्याची मान्यता आणि कामाचा परवाना लागतो, आणि काम मिळेपर्यंत आपल्या खर्चाने थांबण्याची तयारी ठेवावी लागते. ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही अशा धाडसी तरुणाने ही वाट अवश्य चोखाळावी. हप्ता ज्याच्या दारात उभा आहे त्याने या भरवशावर निघू नये.

आता मध्यस्थाच्या रकमेविषयी. ती एखाद्या विशिष्ट विमानाच्या 'टाइप रेटिंग'साठी असेल, तर आधी पाहावे की कोणत्या कंपनीचे नेमणूकपत्र हातात आहे. नेमणुकीवाचून घेतलेले रेटिंग म्हणजे गिऱ्हाईक नसताना भरलेला माल. विमानावर बसायला मिळाले नाही तर ते कौशल्य मुदतीबरोबर शिळे होते. ती रक्कम सहवैमानिकाच्या खुर्चीत बसून तास मिळवण्यासाठी असेल, तर पगार घेण्याऐवजी आपणच पैसे देऊन नोकरी करायची, असा तो व्यवहार आहे. पेढीवर बसणाऱ्या माणसाला यातील खोट अधिक समजावून सांगायला नको. आणि एक लक्षात ठेवावे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या मध्यस्थाला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार सरकारी नोंदणी आवश्यक असते आणि त्याच्या शुल्कालाही मर्यादा असते. नोंदणी दाखवा, एवढे एकच वाक्य त्या गृहस्थांना बोलून पाहावे.

तर मग करावे काय? पहिली गोष्ट, परवाना जिवंत ठेवावा. वैद्यकीय तपासणी आणि उपकरणांच्या साहाय्याने उड्डाण करण्याची चाचणी यांची मुदत एकदा हुकली की संधी दारात येऊनही उपयोग होत नाही. कर्ज काढायचेच असेल तर ते एवढ्यापुरतेच काढावे. दुसरी गोष्ट, साहाय्यक उड्डाण प्रशिक्षकाची पात्रता मिळवण्याचा विचार करावा. बारामती, धुळे, गोंदिया येथे आपल्याच राज्यात उड्डाण प्रशिक्षण चालते. प्रशिक्षकाला वेतन फार नसते, पण त्याचे तास रोज वाढतात, आणि दुसऱ्याला शिकवताना स्वतःचे शिक्षण पक्के होते. तिसरी गोष्ट, दोन परीक्षांत नेमके कोठे कमी पडले, लेखी परीक्षेत, सिम्युलेटरवर की मुलाखतीत, हे शांतपणे पाहून तेवढ्याच भागाची तयारी करावी.

पुढे देशात सहवैमानिक म्हणून काही वर्षे काम झाले, १,५०० तास होऊन वरचा परवाना हाती आला, की परदेशाचा प्रश्न पुन्हा काढावा. त्या वेळी तो विनंतीचा न राहता निवडीचा असेल. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, तेव्हा जेटवर अनुभव घेतलेल्या अनेकांना इतर कंपन्यांनी सामावून घेतले. त्यांचे तास त्यांच्याबरोबर गेले. उलट २०२० च्या महामारीत आखातातील कित्येक परदेशी वैमानिकांची नोकरी गेली आणि नोकरीला बांधलेला तेथील निवासही गेला. ज्यांच्या गाठीशी तास होते त्यांना परत उभे राहण्यास काही आधार होता. बाहेर जायचे ते असा आधार बांधून जावे.

पत्रात सौभाग्यवतींचाही एक प्रश्न आहे: परदेशात मुलीचे जेवणखाण आणि सूर्यास्तापूर्वीचा नियम कसा सांभाळला जाईल? प्रश्न योग्य आहे, पण तो परदेशाचा नाही, व्यवसायाचा आहे. कोल्हापुरात राहूनही वैमानिकाच्या वेळा पहाटेच्या आणि मध्यरात्रीच्याच असणार. याचा निर्णय मुलीने स्वतः घ्यावा आणि घराने तो मानावा.

शेवटी एक गोष्ट आपल्याला सांगावीशी वाटते. आपले चार पानी पत्र मी दोनदा वाचले. त्यात हप्ता आहे, मध्यस्थ आहे, विचारपूस करणारे नातेवाईक आहेत. मुलीचे स्वतःचे एकही वाक्य त्यात नाही. दहा महिने घरी बसलेल्या मुलीला परदेश हवा आहे, की "अजून नोकरी नाही का?" या रोजच्या प्रश्नापासून सुटका हवी आहे, हे आपल्यालाच ठाऊक होऊ शकेल, तेही विचारले तर. एका रविवारी दुकान बंद करून तिच्यासमोर वही घेऊन बसा. किती हप्ते दुकानाच्या उत्पन्नातून निघतील, परवाना चालू ठेवण्यास वर्षाला काय लागेल, आणि किती महिने वाट पाहण्याची आपली ऐपत आहे, हे तिच्यादेखत मांडा. मुदत दोघांनी मिळून ठरवा. मुदत ठरली की वाट पाहणे सोपे जाते. आणि कर्जाचा आकडा लपवलेला नसला की मुलांना त्याची भीतीही कमी वाटते.

यानंतरचे पत्र तिने लिहावे, अशी इच्छा आहे. उत्तर याच सदरातून देईन.