पुरांतलें भात

वनस्पतीला पाय नाहींत, म्हणून संकट आलें असतां तिला पळून जातां येत नाहीं, असें आपण सामान्यतः समजतों. परंतु बांगलादेश, आसाम व बंगाल येथील नदीकांठच्या सखल प्रदेशांत खोल पाण्यांत पिकणारें एक भात आहे, तें या समजुतीस अपवाद होय. पाणी चढूं लागलें कीं हें भात पाण्याबरोबर उंच होतें, आणि पूर जोराचा असल्यास एका दिवसांत २० ते २५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारें एक वीत, वाढतें. शेंडा पाण्यावर राहिला तरच त्यास हवा मिळते. तो दीर्घकाळ बुडाला तर पीक गेलें, आणि शेतकऱ्याच्या घरचें वर्षाचें अन्नहि गेलें.

ही वीतभर वाढ होते कशी? प्रत्येक वनस्पति-पेशीभोंवतीं एक भिंत असते. आंतील पाण्याच्या दाबानें पेशी फुगूं पाहते, व भिंत तिला आवरून धरते. वाढ व्हावयाची तर ही भिंत न फुटतां सैल झाली पाहिजे. तें काम करणारें प्रथिन अमेरिकेंत मॅक्वीन-मेसन व कॉसग्रोव्ह प्रभृतींनीं १९९२ सालीं काकडीच्या कोवळ्या रोपांत शोधून काढिलें. त्यास एक्स्पान्सिन म्हणतात. तें भिंतींतील सेल्युलोजचे तंतु तोडीत नाहीं. त्यांची पकड मात्र ढिली करतें, आणि मग आंतील दाबच पेशीस लांबवितो.

पण भिंत सदाच सैल राहिली तर रोप लवंडेल. तेव्हां हें प्रथिन केव्हां घडवावें, याचा हुकूम कोण देतो? त्याचा आराखडा जनुकांत असतो. भात बुडालें कीं कांड्यांत एथिलीन वायु सांठतो, कारण पाण्यांतून तो फारच हळू बाहेर पडतो. त्यामुळें वाढीस आळा घालणारें ॲब्सिसिक आम्ल घटतें, व जिबरेलिनचा अंमल वाढतो. भाताचीं रोपें एका रोगांत उंच व दुबळीं होतात, त्यांस जपानी शेतकरी ‘वेडें रोप’ म्हणत. तें बुरशीच्या स्रावाचें कार्य आहे, हें कुरोसावा यांनीं १९२६ सालीं दाखविलें. त्या स्रावांतलें द्रव्य तेंच जिबरेलिन.

मिशिगन स्टेट विद्यापीठांतील चो व केंडे यांना १९९७ सालीं आढळलें कीं, भात बुडविलें किंवा त्यास जिबरेलिन दिलें असतां एक्स्पान्सिनच्या जनुकाचा संदेश आधीं वाढतो, व उंची मागाहून. कारण हें कार्याच्या नियमानें पूर्वीं असावें, असें आपले नैयायिक सांगतातच. हा झाला अन्वय. पुढें २००३ सालीं तें जनुक दडपून पाहतां रोपें ठेंगणीं राहिलीं, आणि व्यतिरेकहि सिद्ध झाला.

या हुकुमाच्या मुळाशीं स्नॉर्केल नांवाचीं दोन जनुकें आहेत. तीं जपानी संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलीं. एथिलीनचा संकेत मिळतांच तीं उंच होण्याची आज्ञा देतात. नवल असें कीं, याच घराण्यांतील सब-१ए हें जनुक नेमकें उलट वागतें. ओडिशाच्या एका जुन्या भातांतलें हें जनुक २००६ सालीं ओळखण्यांत आलें. तें एक्स्पान्सिनला आवर घालून वाढ थांबवितें व सांठविलेली शक्ति जपतें; म्हणून रोप सुमारें पंधरवडाभर बुडून राहिलें तरी पाणी ओसरतांच पुन्हा फुटतें. स्वर्णा-सब-१ हें त्या गुणाचें वाण भारतांत २००९ पासून प्रसृत झालें.

पाणी महिनोन्महिने राहणार असेल तेथें उंच होणारें भात तारतें, थांबणारें कुजतें. पाणी लौकर ओसरणार असेल तेथें उंच झालेलें रोप आडवें पडतें, थांबलेलें उभें राहतें. म्हणून बियाणें निवडण्यापूर्वीं आपल्या शेतांत पाणी किती दिवस राहतें, हें शेतकऱ्यास ठाऊक असावें लागतें. एकाच घराण्यांतील दोघांनीं एकाच संकटांत भिन्न वाट धरावी, आणि दोघेहि आपापल्या जागीं योग्य ठरावे, ही गोष्ट घरांतील मुलांस जरूर सांगावी. मोठ्यांनींहि ती ऐकण्यास हरकत नाहीं.