वेगळी चूल मांडताय? रोज पेटवणार कोण?

फोर्क म्हणजे वेगळी चूल. ओपन सोर्स लायब्ररी घ्यायची, हवे ते बदल करायचे आणि पुढे आपलीच कॉपी वापरायची. परवानगी असतेच. अमरावती काय, अकोला काय, प्रोजेक्टमध्ये सगळीकडे हे चालतं. पण क्रिप्टोग्राफीत हा शौक नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

२००६ साली डेबियनने आपल्या ओपनएसएसएलच्या कॉपीत दोन ओळी बंद केल्या. का? एक टूल वॉर्निंग देत होतं म्हणून. बस्स! पण किल्ल्यांचा रँडमनेस तिथूनच यायचा. उरला फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर एका साइझच्या जेमतेम ३२,७६८ किल्ल्या. एवढ्या तर कुणीही एकेक लावून बघेल. प्रोग्रॅम मात्र मस्त चालत होता! भांडं फुटलं मे २००८ मध्ये.

२०१४ च्या हार्टब्लीडनंतर ओपनबीएसडीवाल्यांनी लिब्रेएसएसएल काढलं, गुगलने बोरिंगएसएसएल. त्यांच्याकडे चूल रोज पेटवणारी माणसं आहेत. आपल्याकडे? सबमिशन झालं की करणारा पुण्याला! मूळ लायब्ररीतलं भोक बुजतं, आपल्या कॉपीतलं तसंच राहतं. आणि तो प्रोजेक्ट एखाद्या पतसंस्थेत बसवला असेल तर?

बदल करायचाच असेल राजेहो, तर पॅच आधी मूळ लायब्ररीवाल्यांना पाठवा. ते नाही म्हणाले, तर का म्हणाले ते नीट वाचा. तरीही हट्ट असेल, तर रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लिहा: कोणतं व्हर्जन घेतलं, काय बदललं आणि पुढच्या वर्षी पॅच कोण लावणार.