विश्लेषण : कार्ड ‘फॉरमॅट’ झाले, फोटो कुठे गेले?

मेमरी कार्ड बिघडल्यावर पहिल्या तासाभरात आपण काय करतो, यावर फोटो परत मिळणार की नाही हे बहुतेक वेळा ठरते. बिघाड यंत्राचा असतो, पण नुकसान बऱ्याचदा घाईमुळे होते. त्यामुळे कार्डाचे तंत्र समजून घ्यायला हवेच, आणि फोटोंची एकच प्रत ठेवण्याची सवयही सोडायला हवी.

नेमके काय घडले?

आमच्या मावशीच्या मुलीचे लग्न छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरच्या एका लॉन्समध्ये झाले. चार दिवसांनी फोटोग्राफरचा फोन आला, ‘काकू, एका कार्डाचा जरा प्रॉब्लेम झालाय.’ झाले होते ते असे. रात्री कार्ड संगणकाला लावल्यावर ‘हे कार्ड वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ अशी सूचना आली. दमलेल्या मदतनीस मुलाने ‘हो’ म्हटले. कार्ड रिकामे दिसले, म्हणून दुसऱ्या दिवशी तेच कार्ड दुसऱ्या घरच्या हळदीला वापरले. चूक लक्षात आल्यावर सॉफ्टवेअर लावून शोध घेतला. जेवणावळीचे, स्टेजवरच्या रांगेचे फोटो मिळाले. मंगलाष्टकांचे मात्र गेले. अक्षता टाकणाऱ्या आजोबांचे फोटो त्यातच होते. तीन महिन्यांनी आजोबा गेले. फोटोग्राफर अर्धे पैसे परत द्यायला आला, तेव्हा मावशी एवढेच म्हणाली, ‘पैसे राहू दे बाळा. ते फोटो असतील तर बघ.’

फॉरमॅट केल्यावर फोटो जातात का?

लगेच जात नाहीत. कार्ड म्हणजे एक जाडजूड वही आणि तिच्या सुरुवातीची अनुक्रमणिका असे समजा. कोणता फोटो कुठल्या पानांवर आहे, याची नोंद अनुक्रमणिकेत असते. फोटो ‘डिलीट’ केला की ती नोंद रद्द होते आणि ती पाने ‘मोकळी’ समजली जातात. झटपट फॉरमॅटमध्ये संपूर्ण अनुक्रमणिकाच कोरी होते. आतल्या पानांवरचा मजकूर मात्र सहसा तसाच राहतो. काही कॅमेऱ्यांत आणि संगणकांत पूर्ण फॉरमॅटची सोय असते. ती वापरली, तर पानेही पुसली जातात.

मूळ फोटो खऱ्या अर्थाने नष्ट होतात, ते त्या पानांवर नवे काही लिहिले गेल्यावर. नव्याने फॉरमॅट केलेल्या कार्डावर कॅमेरा साधारणपणे सुरुवातीपासून लिहीत जातो. म्हणूनच आमच्या लग्नात आधी काढलेली मंगलाष्टके हळदीच्या फोटोंखाली गाडली गेली आणि शेवटच्या जेवणावळी वाचल्या. फॉरमॅटच्या चुकीतून बहुधा सगळे परत आले असते. दुसऱ्या दिवशी तेच कार्ड वापरले, तिथे घात झाला.

कार्ड बिघडते कशाने?

कारणे साधारण चार प्रकारची. पहिले, अनुक्रमणिका बिघडणे. फोटो लिहिला जात असताना बॅटरी संपणे, कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढून काढणे, संगणकातून ‘इजेक्ट’ न करता उपटणे ही त्याची नेहमीची निमित्ते. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर सहसा असलेल्या ‘फॅट-३२’ पद्धतीत अनुक्रमणिकेतल्या मुख्य तक्त्याची दुसरी प्रत असते. त्याहून मोठ्या कार्डांवरच्या ‘एक्सफॅट’ पद्धतीत ती सहसा नसते, त्यामुळे मोठ्या कार्डाला असा धक्का अधिक लागतो.

दुसरे कारण झीज. फ्लॅश मेमरीत माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते. प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसता-लिहिता येतो. शिवाय वर्षानुवर्षे कार्ड कपाटात पडून राहिले, तर तो भार हळूहळू गळतो. मुलाच्या बारशाचे फोटो कार्डातच ठेवून कार्ड लॉकरमध्ये जपणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. कार्ड ही ने-आण करण्याची पिशवी आहे. तिची तिजोरी करू नये.

तिसरे, कार्डातल्या नियंत्रक चिपचा बिघाड किंवा कार्डाची मोडतोड. चौथे म्हणजे बनावट कार्ड. आत १६ जीबीची चिप आणि बाहेर ५१२ जीबीचे लेबल, असा हा प्रकार. चिपला खोटे सांगायला शिकवलेले असते. सुरुवातीचे फोटो नीट साठतात, पुढचे कार्ड स्वीकारते पण ठेवत नाही. ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ किंवा ‘एफ-थ्री’ ही मोफत सॉफ्टवेअर नवे कार्ड पूर्ण भरून आणि परत वाचून त्याची खरी क्षमता दाखवतात. नवे कार्ड आणल्यावर ही परीक्षा घेतल्याशिवाय ते समारंभाला नेऊ नये.

पहिल्या तासात काय करावे?

आधी थांबावे. कार्ड कॅमेऱ्यातून काढावे. एसडी कार्ड असेल तर कडेचे छोटे बटण ‘लॉक’कडे सरकवावे, म्हणजे चुकूनही काही लिहिले जाण्याचा धोका कमी होतो. संगणक ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारेल, तेव्हा ‘रद्द’वर बोट ठेवावे. विंडोजची ‘चेकडिस्क’ दुरुस्तीही त्या क्षणी चालवू नये. ती कार्ड वापरण्याजोगे करते, पण ते करताना अनुक्रमणिकेत फेरफार करते आणि उरलेसुरले धागेही तुटू शकतात.

मग दुसरा कार्ड रीडर लावून पाहावा. कित्येकदा दोष रीडरमध्ये किंवा केबलमध्ये असतो. कार्ड दिसू लागले, तर आधी त्याची जशीच्या तशी संपूर्ण प्रत, म्हणजे ‘इमेज’, संगणकात घ्यावी आणि पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर करावी. ‘फोटोरेक’ हे मोफत आणि मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर अनुक्रमणिकेकडे न पाहता थेट पानांवरून फोटोंच्या खुणा शोधते. फोटो मिळतात, पण फायलींची मूळ नावे आणि फोल्डर जातात. हजार फोटो पुन्हा लावत बसावे लागते. व्हिडिओचे तुकडे कार्डावर विखुरलेले असू शकतात, त्यामुळे ते सलग मिळणे अधिक अवघड असते.

यात एक नियम मोडता कामा नये. मिळालेले फोटो त्याच कार्डावर साठवायचे नाहीत. एका हाताने विहिरीतून गाळ काढायचा आणि दुसऱ्या हाताने तो पुन्हा आत टाकायचा, असा तो उद्योग होतो.

कार्ड कुठल्याच रीडरमध्ये दिसत नसेल, गरम होत असेल किंवा तुटले असेल, तर घरगुती प्रयोग थांबवून जाणकार प्रयोगशाळेकडे जावे. इवल्याशा मायक्रो एसडी कार्डात चिप आणि नियंत्रक एकाच तुकड्यात बंद असतात. त्यातून माहिती काढायला वरचा थर खरवडून सूक्ष्म तारा जोडाव्या लागतात. हे काम महाग आहे आणि यशाची हमी नसते. ‘शंभर टक्के रिकव्हरी’ अशी पाटी दिसली, तर त्या दुकानात कार्ड न देणेच बरे.

पुराच्या पाण्यात भिजलेले कार्ड?

ऑगस्ट २०१९ मधला गोदावरीचा पूर नाशिककरांना आठवत असेल. घरात पाणी शिरले की कागदी अल्बमचा लगदा होतो, मेमरी कार्ड मात्र अनेकदा वाचते. फक्त ओले असताना ते कॅमेऱ्यात किंवा संगणकात घालू नये. चिखल स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा आणि कार्ड सावलीत एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्यावे. हेअर ड्रायर किंवा कडक ऊन टाळावे.

मोबाइलमधले फोटोही असेच परत मिळतात?

नाही, आणि इथे अनेकांचा गैरसमज होतो. आजच्या फोनमधली अंतर्गत मेमरी कूटबद्ध असते आणि पुसलेली जागा फोन स्वतःच मोकळी करून टाकतो. त्यामुळे कार्डावर चालणारी युक्ती तिथे जवळपास चालत नाही. आधार असतो तो ‘ट्रॅश’चा. गुगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो पुसल्यावर ६० दिवस तिथे राहतो, आयफोनच्या ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये साधारण ३० दिवस. पण गुगलची मोफत जागा १५ जीबी असते आणि त्यात ई-मेलही येतात. ती भरल्यावर बॅकअप थांबतो. महिन्यातून एकदा तरी तो चालू आहे का, हे पाहावे. आणि ‘व्हॉट्सअॅपवर आहेत की’ हे उत्तर पुरेसे नाही. तिथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आक्रसलेला असतो.

दोष कोणाचा?

आमच्या घरात या प्रश्नावर बरीच चर्चा झाली. माझे मत असे, की दोष एकट्या फोटोग्राफरचा नाही, पण जबाबदारी पहिली त्याची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे घेऊन दिलेल्या सेवेतली त्रुटी ही तक्रारीची बाब आहे. घटनेपासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. कार्ड बनवणाऱ्या कंपनीकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. वॉरंटीत सहसा नवे कार्ड मिळते, फोटोंची भरपाई मिळत नाही.

पण आपणही आरशात पाहायला हवे. लग्न ठरवताना आपण ड्रोन आहे का, प्री-वेडिंग किती मिनिटांचे, रील त्याच रात्री मिळेल का, हे विचारतो आणि शेवटी हजार-दोन हजारांसाठी घासाघीस करतो. तो खर्च मग कुठून तरी कापला जातो. कापला जातो तो दुसऱ्या कार्डाचा आणि त्या रात्री जागून प्रती काढणाऱ्या माणसाचा.

आपण तीनच प्रश्न विचारावेत. कॅमेऱ्यात दोन कार्डे असतात का, आणि दोन्हींवर एकाच वेळी फोटो साठतात का? अनेक कॅमेऱ्यांत दोन खाचा असतात, पण दुसरे कार्ड पहिले भरल्यावरच वापरायचे असे ठरवलेले असते. तशा मांडणीत दुसऱ्या कार्डाचा संरक्षणासाठी काहीच उपयोग नाही. दुसरा प्रश्न, समारंभ संपल्यावर किती वेळात दुसरी प्रत काढता? तिसरा, फोटो आमच्या हाती पडेपर्यंत कार्ड पुन्हा वापरणार नाही, हे लिहून देता का? या तीन ओळी करारात आल्या तर प्रामाणिक फोटोग्राफरलाही बळ मिळते, कारण मग त्या खर्चाचे पैसे तो उघडपणे मागू शकतो.

किती प्रती पुरेशा?

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ‘३-२-१’ नियम सोपा आहे. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. घरगुती भाषेत सांगायचे तर एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावच्या बहिणीकडे. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फायली चुकीच्या आदेशाने पुसल्या गेल्या आणि कंपनीचा बॅकअपही नीट चालत नसल्याचे उघड झाले. चित्रपट वाचला तो बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या एका सहकारी महिलेच्या घरच्या संगणकातल्या प्रतीमुळे.

आपल्याला एवढे लांब जायची गरज नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्याची उरलेली प्रत एका थिएटरातून दुसऱ्या थिएटरात बैलगाडीतून नेताना पेटली, असे सांगितले जाते. १९१७ मध्ये फाळक्यांनी तो पुन्हा चित्रित केला. चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे तेवढे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरले आहे, आणि तेही १९१७ च्या आवृत्तीचे असावे, असे अभ्यासक मानतात.

फाळक्यांना हरिश्चंद्र पुन्हा उभा करता आला. घरातल्या माणसांचे तसे नसते. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत. रामकुंडावर आणि कुशावर्तावर लाखो फोटो निघतील. कुणाच्या आईचे ते शेवटचे कुंभस्नान असेल, कुणाच्या मुलाचे पहिले. पुढची संधी बारा वर्षांनी. त्या दिवशी घरी आल्यावर पाय धुण्याआधी फोटोंची दुसरी प्रत काढावी, एवढेच सांगणे आहे.

मावशीकडे आजोबांचा त्या दिवशीचा एकच फोटो आहे. एका पाहुण्याने मोबाइलवर घाईत काढलेला, थोडा हललेला. तिने तो मोठा करून भिंतीवर लावला आहे, आणि आता त्याच्या चार प्रती चार घरांत आहेत.