त्याला कळत नाही, म्हणून?

“त्याला काही कळत नाही, मग ख्रिस्तप्रसाद कशासाठी?” बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या आईवडिलांना आपल्या धर्मग्रामांत हे आजही कुठे कुठे ऐकावे लागते. आम्हांस हे मान्य नाही. १९८३ च्या धर्मसंहितेचे ९१३ वे कलम मुलांना ख्रिस्तरहस्याची समज हवी म्हणते खरे, पण ती त्यांच्या कुवतीनुसार. प्रार्थना घडाघडा म्हणून दाखवण्याची अट तेथे नाही. २००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ‘साक्रामेंतुम कारितातिस’ या पत्रात तर स्पष्टच सांगितले, की स्नानसंस्कार व दृढीकरण झालेल्या अशा व्यक्तींना शक्य तेथे ख्रिस्तप्रसाद मिळावा. त्या तो आपल्या कुटुंबाच्या किंवा सोबत करणाऱ्या समाजाच्या श्रद्धेनेही स्वीकारतात. यात नवे ते काय? कफर्णहूमात छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडणाऱ्यांचा विश्वास पाहूनच येशूने त्याला क्षमा केली होती.

पण सोबत करणारा समाज आहे कोठे? मिस्सेत मूल ओरडले, की मागे वळणाऱ्या नजराच आईला दाराबाहेर काढतात. वर आश्वासन, “प्रसाद घरी आणून देऊ!” अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती सोय योग्यच, हिंडत्याफिरत्या मुलासाठी ती हद्दपारी होय.

११ फेब्रुवारीला, आजाऱ्यांच्या दिनी, फळे वाटणाऱ्या मंडळांनी ती खुशाल वाटावीत. आमचे मागणे निराळे आहे: रविवारी त्या आईच्या बाकावर जाऊन बसा, धर्मशिक्षणाच्या वर्गात त्या मुलासाठी एक शिक्षक द्या, आणि येत्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत त्याला इतरांबरोबरच उभे करा.