आधी सांगा, गाडी पुसतं कोण?

नव्या गाडीची किल्ली हातात पडायच्या आधीच शोरूममधला सेल्समन रंगाच्या काळजीचं दरपत्रक पुढे सरकवतो: टेफ्लॉन, सिरॅमिक, पीपीएफ. यातलं काय घेऊ, असं कुणी मला विचारलं की मी उलट विचारतो, गाडी पुसतं कोण?

बहुतेक सोसायट्यांत पहाटे एका बादलीत, एकाच फडक्यानं दहा-पंधरा गाड्या उरकल्या जातात. तिसऱ्या गाडीपर्यंत बादलीत पाणी कमी आणि माती जास्त असते. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, जेमतेम 40-50 मायक्रॉनचा. डोक्याच्या केसाहूनही पातळ. काळ्या गाडीच्या बॉनेटवर उन्हात जे बारीक गोल-गोल ओरखडे चमकतात, ते बहुतेक या फडक्याचेच. पुसणाऱ्याला दोष देऊ नका. महिन्याच्या चार-पाचशे रुपयांत तो आणखी काय करणार?

सिरॅमिक म्हणजे सिलिकायुक्त द्रवाचा थर, मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. पाणी ओघळून जातं, धूळ चटकन सुटते, चकाकी येते. एवढं खरं. जाहिरातीतला ‘9एच’ मात्र पेन्सिलीच्या चाचणीतला आकडा आहे, आणि एक्स्प्रेसवेवर ट्रकच्या चाकाखालून पेन्सिली उडत नाहीत. बोअरच्या पाण्याचे डाग सिरॅमिकवरही बसतात. पक्ष्याची विष्ठा उन्हात तशीच राहू दिली तर तीही खूण सोडते.

खडीचा मार सोसते ती पीपीएफ. ही पॉलियुरेथेनची फिल्म 150-200 मायक्रॉन जाड असते; चांगल्या प्रतीच्या फिल्मवरचे हलके ओरखडे उष्णतेनं बुजतातही. अख्ख्या गाडीला लावायची तर खर्च सहज लाखाच्या घरात जातो. आठवड्याला मुंबई-पुणे करणाऱ्यानं बंपर, बॉनेट आणि आरसे एवढ्यालाच लावावी. ऑफिस ते घर एवढीच धाव असेल, तर दोन-तीन महिन्यांनी घरीच वॅक्स लावलेलं पुरतं. टेफ्लॉनच्या वाटेला मी जाणार नाही. काही महिन्यांत उतरणाऱ्या थरासाठी शोरूमचा भाव कशाला मोजायचा?

सिरॅमिकच हवं असेल तर आधीचे ओरखडे पॉलिशनं काढून घ्या, नाहीतर ते कोटिंगखाली तसेच राहतील. आणि ‘पाच वर्षांची वॉरंटी’ ऐकून सही करण्याआधी मागचं पान वाचा. दर काही महिन्यांनी त्यांच्याच दुकानात, पैसे मोजून, देखभाल करून घ्यायची अट बहुधा तिथेच असते.