परकी शिवी, स्वस्त शिवी

इंग्रजीत दिलेली शिवी ही शिवीच नव्हे, असा आमच्या सुशिक्षितांचा लाडका समज आहे. थोरल्याने धाकट्याला ‘मूर्खा’ म्हटले तर आजी डोळे वटारते. ‘इडियट’ म्हटले तर आईला कौतुक! याला म्हणे सभ्यता!

सभ्यता कसली? ही निव्वळ पळवाट आहे. मोठेपणी इंग्रजी शिकलेल्या तुर्की माणसांच्या बोटांना यंत्र लावून संशोधकांनी त्यांना लहानपणची दटावणी दोन्ही भाषांत ऐकवली; हा प्रयोग २००३ सालचा. तुर्की बोलांनी हाताला अधिक घाम फुटला. मातृभाषेतला शब्द आपण आईच्या धपाट्यासकट शिकतो, परका शब्द पुस्तकातून. म्हणून तो जिभेला भाजत नाही.

मी स्वतः मास्तर. एकदा एका पोराला ‘इडियट’ म्हणालो आणि खुशाल फळ्याकडे वळलो. त्याची मान तास संपेपर्यंत वर आली नाही. शब्द परका होता. चारचौघांतला अपमान मात्र त्याचाच होता. ‘मूर्खा’ म्हणताना माझी जीभ क्षणभर तरी अडखळली असती. त्या अडखळण्यालाच संस्कार म्हणतात. वाचकहो, रागवायचेच तर मराठीत रागवा. निम्म्या शिव्या ओठांतच राहतील!